किनारी कंदफुलांच्या बियांना मीठ लागत नाही

‘किनाऱ्यावरची कंदफुलं बियांपासून लावा’ असा एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातली कृती थोडक्यात अशी: बी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, किनाऱ्याची वाळू भरलेल्या पसरट कुंडीत पेरा, पानं पिवळी पडली की पाणी वाढवा, पुढच्या वर्षी फुलं. यातली एकही पायरी सरसकट पाळण्याजोगी नाही, आणि दोन तर रोपं हमखास मारतात.

मिठापासून सुरुवात करू. ही झाडं किनाऱ्यावर वाढतात म्हणजे त्यांना मीठ हवं, हा तर्कच उलटा आहे. खारा वारा ती सोसतात. टिकतात ती मोकळ्या वाळूत पाणी साचत नाही आणि दुसऱ्या झाडांची दाटी नसते म्हणून. भूमध्य समुद्राकाठच्या पॅन्क्रेशियम मॅरिटिमम या कंदफुलाचं बी काळं, कोनदार, कोळशाच्या तुकड्यासारखं हलकं असतं. ते समुद्रावर तरंगत लांब जातं. लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असलेल्या त्या पाण्यात बी जगतं, पण रुजतं ते गोडं पाणी मिळाल्यावरच. ते साध्या ओलसर वाळूत 2 सेंटिमीटर खोल, अंधारात आणि 20 अंशांच्या आसपास ठेवा. उघड्यावर उजेडात ठेवलेलं बी रेंगाळतं.

क्रायनम एशियाटिकम या दुसऱ्या किनारी कंदफुलाला तर भिजवणंच नको. त्याचं बी मोठं, मांसल असतं, त्याला नेहमीसारखं कडक कवच नसतं, आणि ते पाण्याशिवाय नुसतं टेबलावर ठेवलं तरी कोंब काढतं. भिजवून खोल पुरलं की कुजतं. अर्धं मातीत, अर्धं वर, एवढंच करायचं. त्यातून मुळासारखी जाड नळी निघून मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी नवा कंद धरतो. वरचं बी आक्रसलं म्हणून उपटून टाकू नका, रोप अजून त्यावरच जगत असतं.

फ्रिजचा सल्ला डोंगराळ, बर्फाळ भागातल्या कंदांवरून उचललेला दिसतो. कॅलोकॉर्टस या कंदफुलाच्या उंचावरच्या जातींना ओली थंडी लागते, हे खरं. पण कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीतल्या ट्रायटेलिया, ब्रोडिया या कंदफुलांना शरद ऋतूत पेरून रात्रीचा 5 ते 10 अंशांचा गारवा मिळाला की पुरतं. क्रायनमच्या बियाला मात्र फ्रिजची थंडी नकोच.

आता वाळू. मुळात किनाऱ्यावरून वाळू उचलणं अनेक ठिकाणी बेकायदा आहे. ते सोडलं तरी ती कुंडीत कामाची नाही. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावर तिच्याखाली कित्येक फूट वाळूच असते, म्हणून पाणी खाली खेचलं जातं. दहा सेंटिमीटरच्या कुंडीत तीच बारीक वाळू तळाशी पाणी धरून बसते आणि नेमका तिथेच कोवळा कंद कुजतो. धुऊन मीठ जाईल, बारीकपणा जाणार नाही. शिंपल्यांचा चुनाही राहतोच. त्यापेक्षा 1 ते 3 मिलिमीटर कणांची जाड वाळू किंवा पॅरलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे कण) दोन भाग आणि चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग घ्या. भरलेल्या कुंडीत पेलाभर पाणी ओता. ते काही सेकंदांत पृष्ठभागावरून दिसेनासं झालं पाहिजे. थबकलं तर आणखी जाड वाळू मिसळा.

पसरट कुंडीही नको. यांतल्या अनेकांची आकुंचन पावणारी मुळं कंदाला दरवर्षी खाली ओढतात. उथळ कुंडीत कंद तळाच्या भोकाशी येऊन अडकतात, कधी भोकातून बाहेर डोकावतात. किमान 15 सेंटिमीटर खोली ठेवा, भोकावर जाळी टाका. पहिली दोन वर्षं रोपं वेगळी करू नका.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पिवळ्या पानांच्या गैरसमजातून. ट्रायटेलिया, ब्रोडियाचं पहिल्या वर्षीचं पान गवताच्या काडीएवढं बारीक असतं. तण समजून उपटलंही जातं. उन्हाळ्याच्या तोंडावर ते टोकाकडून पिवळं पडतं, कारण खालचा वाटाण्याहूनही लहान कंद झोपी जात असतो. अशा वेळी पाणी वाढवलं की बुरशी लागते. पान अर्धं पिवळं झालं की पाणी कमी करा, वाळलं की बंद करा आणि कुंडी कोरड्या सावलीत ठेवा. गारवा परतला की भरपूर पाणी घालून पुन्हा सुरू करा. पान हिरवं असेपर्यंत मात्र ते जपा: दर दोन-तीन आठवड्यांनी नेहमीच्या प्रमाणाच्या पाव ताकदीचं, नत्र कमी असलेलं द्रवखत द्या. पान जितके दिवस टिकेल तितका कंद भरतो. सदाहरित क्रायनमला हा नियम लावू नका. त्याची पानं सरसकट पिवळी पडली तर मुळं तपासा.

‘पुढच्या वर्षी फुलं’ याबद्दल फार लिहायला नको. ट्रायटेलिया, ब्रोडियाला साधारण तीन-चार वर्षं, पॅन्क्रेशियमला तीन ते पाच. पॅन्क्रेशियमला तापलेला, कोरडा उन्हाळा मिळाला नाही तर पानं छान येतात, फुलं येत नाहीत.

आणि त्या मजकुरात अजिबात नसलेली गोष्ट: क्रायनम आणि पॅन्क्रेशियम दोन्ही विषारी आहेत, कंद तर विशेषच. कांदा समजून घरात कुणी उचलू नये म्हणून कुंडीवर नावाची पट्टी लावा, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं पोहोचणार नाहीत अशा जागी कुंडी ठेवा.