दहा हजारांत बसवायची खाच

लाकूडकामाचा छंद स्वस्तात होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो अजून सुरू केलेला नसतो. डोंबिवलीच्या आमच्या घरी या छंदाला गॅलरीचा अर्धा कोपरा मिळालाय (उरलेल्या अर्ध्यात कपड्यांची दोरी आणि वॉशिंग मशीन) आणि दर पाडव्याला एका अवजाराची मंजुरी मिळते. यंदा मंजुरी दहा हजारांची होती आणि माझी मागणी होती बिस्किट जॉइंटरची. बिस्किटावरचे जे विनोद तुम्हाला आत्ता सुचताहेत, ते सगळे आमच्याकडे होऊन गेले आहेत. मारीचा, ग्लुकोजचा, चहात बुडवण्याचा. तेव्हा पुढे जाऊ.

हे प्रकरण असं असतं. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असतील, तर या यंत्राने दोन्ही कडांना समोरासमोर एकेक अर्धगोल खाच पाडायची. खाचेत फेविकॉल सोडायचा आणि बीचच्या लाकडाची, दाबून चपटी केलेली, टोकांना निमुळती चकती (हेच ते बिस्किट) अर्धी इकडे, अर्धी तिकडे बसवायची. चकती फेविकॉलमधलं पाणी पिते, फुगते आणि खाचेत रुतून बसते. चकत्यांचे आकार जगभर ठरलेले आहेत: शून्य नंबर, दहा नंबर, वीस नंबर. वीस नंबरची चकती 56 मिलिमीटर लांब आणि 23 रुंद. खाच तिच्यापेक्षा किंचित लांब पडते, त्यामुळे पेन्सिलीची खूण मिलिमीटरभर इकडे-तिकडे झाली, तरी फेविकॉल ओला आहे तोवर फळी सरकवून जमवून घेता येतं. कुसू, म्हणजे एका फळीचं कोरलेलं टोक दुसरीच्या भोकात, घालून केलेला सांधा असली दयामाया दाखवत नाही. हौशी माणसाच्या हाताचा एवढा विचार करणारा दुसरा सांधा मला तरी माहीत नाही.

ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावच्या हेर्मान श्टायनर या सुताराची. 1950 च्या दशकात चिपबोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी, नवा नवा बाजारात आला होता आणि तो जोडायचा कसा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. 1956 मध्ये त्याने ही चकतीची पद्धत काढली. 1968 मध्ये हातात धरून चालवायचं यंत्र आलं आणि 1969 मध्ये लामेलो ही कंपनी उभी राहिली. लामेलोची यंत्रं आजही मिळतात. त्यातल्या एकाची किंमत मी पाहिली आणि स्वित्झर्लंडबद्दलचा माझा आदर तसाच ठेवून मोबाइल बंद केला.

"याने नेमकं काय होणार?" बायकोने विचारलं.

"फळ्या जोडल्या जातील."

"मग आत्तापर्यंत काय करत होतास?"

बजेटच्या बैठकीत असे प्रश्न विचारू नयेत असा नियम हवा.

आमच्या सोसायटीत बारा महिने कुणाच्या ना कुणाच्या घरी फर्निचरचं काम चालू असतं. तिथल्या मिस्त्रींना विचारलं, तर त्यांनी कानामागची पेन्सिलसुद्धा न काढता निकाल दिला, "साब, फेविकॉल लगाओ, कील मारो, खतम." आणि त्यांच्या बाजूने पुरावाही भक्कम होता. अख्ख्या बिल्डिंगची वॉर्डरोब त्याच सिद्धांतावर उभी आहेत.

त्याहून मोठा घोळ जाणकारांनी घातला. या सांध्यावर लाकूडकाम करणाऱ्यांत दोन तट आहेत आणि त्यांचं वैर पाहिलं की भाऊबंदकी बरी वाटते. एक तट म्हणतो, बिस्किटाने सांधा मजबूत होतो. दुसरा म्हणतो, काडीचाही होत नाही. माझ्या मते दुसऱ्या तटाचं निम्मं खरं आहे. अखंड लाकडाच्या दोन फळ्या लांबीच्या कडेने चिकटवल्या तर नुसता फेविकॉलच लाकडापेक्षा घट्ट धरतो. तिथे चकती फक्त फळ्या वर-खाली होऊ देत नाही. पण प्लायच्या टोकाला किंवा पंचेचाळीस अंशांच्या कोपऱ्याला चकतीचा खरोखर आधार मिळतो. मला पाऊण इंची प्लायचं पुस्तकांचं कपाट करायचं होतं. वाद माझ्यापुरता मिटला. घरातला नाही.

मग स्वस्त पर्यायांची रांग लागली. डॉवेल, म्हणजे लाकडाच्या गोल खुंट्या, लावाव्यात तर समोरासमोरची भोकं केसाइतकीही चुकून चालत नाहीत. चुकली की सांधा बसतच नाही, आणि बसवायला गेलं की हातोडा लागतो. पॉकेट होलचे, म्हणजे तिरक्या भोकातून मारलेले, स्क्रू आतल्या बाजूने दिसतात, आणि आमच्याकडे येणारी माणसं पुस्तकं सोडून नेमकी तेवढीच पाहतात. राउटरला (वायफायचा नव्हे, लाकूड कोरणारा) खाच पाडणारं पातं लावून काम होतं, पण माझ्याकडे राउटर नाही. राउटर घ्यायचा तर तो पुढच्या पाडव्याला. डॉमिनो नावाचं एक जर्मन यंत्र या सगळ्यांच्या वरचं आहे. ते अमेरिकेतसुद्धा हजार डॉलरच्या पुढे जातं. त्याचा उल्लेख इथे फक्त देवाचं नाव घ्यावं म्हणून.

सगळ्यांत मोहात पाडणारा पर्याय ग्राइंडरचा, म्हणजे हातात धरून लोखंड, फरशी कापायच्या यंत्राचा. बिस्किट जॉइंटर म्हणजे तरी काय? आडवा धरलेला ग्राइंडर, त्याच्या तोंडाशी शंभर मिलिमीटरचं पातं, पात्याभोवती स्प्रिंगवर मागे सरकणारी पेटी आणि पुढे एक पट्टी. तेव्हा आपल्या ग्राइंडरला पुढचा अर्धा भाग तेवढा जोडायचा, की झालं काम, असं सांगणारे जोड हजार-दीड हजारात मिळतात. एका ओळखीच्याकडे असा जोड पाहिला. त्याच्या पट्टीसमोर मोजपट्टी धरली तर दिसलं, की पातं एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली चाललंय. मिनिटाला अकरा हजार फेरे घेणाऱ्या दातेरी पात्याने असली लहर दाखवलेली मला आवडत नाही. मला दहाही बोटं लागतात, टायपिंगला.

शेवटी नागदेवी. मशीद बंदर स्टेशनला उतरून हातगाड्या, हमाल आणि साखळदंडांचे ढीग ओलांडत नागदेवी स्ट्रीटवर पोचलं की मुंबईत मिळत नाही असं एकही हत्यार नाही, असा विश्वास बसतो. बिस्किट जॉइंटर मागितलं की तो थोडा हलतो. एका दुकानात मला मार्बल कटर दाखवला. दुसऱ्यात "वही काम करता है" म्हणून जिगसॉ. तिसऱ्याने मात्र वरच्या फळीवरून धूळ झाडून दोन खोकी काढली. एक मकिता या जपानी कंपनीचं. चांगलंच होतं, पण बजेटच्या दुपटीच्या पलीकडे. दुसरं हिरव्या रंगाचं, कुणाचंच नाव नसलेलं. ते बजेटात बसत होतं आणि वर क्लॅम्पपुरते पैसेही उरत होते.

अशा यंत्राचं खरं मोल त्याच्या मोटरमध्ये नसतं, हे मी एव्हाना शिकलो होतो. मोटर सगळ्यांची गरगरते. पैसे लागतात ते फेन्सला, म्हणजे पात्याच्या वरची ती खाली-वर होणारी पट्टी. ती फळीच्या अंगावर टेकते आणि खाच फळीच्या पृष्ठभागापासून किती अंतरावर पडणार, हे तीच ठरवते. महाग यंत्रात ती दातेरी पट्टीवर सरकते आणि पात्याशी समांतर राहते. स्वस्तात दोन बाजूंना दोन खटके असतात. डावा आवळला की उजवी बाजू उचलते, उजवा आवळला की डावी. मी पिशवीतून प्लायचे दोन तुकडे, काटकोन तपासायचा गुण्या आणि वीस नंबरची चकती बाहेर काढली. दुकानदाराने माझ्याकडे एकदा, पिशवीकडे एकदा पाहिलं.

"साब, आप आयएसआयवाले हो क्या?"

पण प्लग लावून दिला. दोन्ही तुकड्यांना खाचा पाडल्या, कोरडीच चकती घातली, तुकडे भिडवले आणि सांध्यावरून नख फिरवलं. नख अडलं. पट्टी पुन्हा बसवली, खटके पाळीपाळीने आवळले, पुन्हा खाच. नख आता दुसऱ्या बाजूने अडलं. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असेल, पण प्लायवरचं वरचं पापुद्र्यासारखं विनिअर तेवढंच जाड असतं. घासून सपाट करायला गेलं की आतला लाल थर तोंड काढतो.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांना भेटलो. काका रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि त्यांच्यासमोर कुठल्याही यंत्राचं नुसतं नाव काढलं तरी ते चष्मा पुसायला घेतात. सगळं ऐकून घेतलं.

"पट्टी वाकडी आहे ना? मग तिच्या नादी लागतोस कशाला? मशीनचं बूड सपाट आहे का?"

"बूड?"

"अरे, बुडापासून पातं किती वर आहे ते मोज. दहा मिलिमीटरच्या आसपास असेल. तुझी प्लाय अठराची. म्हणजे खाच आपोआप जवळजवळ मधोमध. फळी सपाट जागेवर उपडी ठेव, मशीनही त्याच जागेवर ठेव आणि ढकल. मधल्या कप्प्याला तीच फळी खुणेवर आडवी धरून तिलाच मशीन टेकव. पट्टी काढून माळ्यावर टाक."

दुसऱ्या दिवशी काका स्वतः माझ्याबरोबर नागदेवीला आले, खिशात स्टीलची फूटपट्टी घालून. त्यांनी यंत्राच्या बुडावर ती उभी धरली, खालून उजेड येतो का ते पाहिलं आणि मान हलवली. हिरवं यंत्र घेतलं. दुकानदाराने मला दिलेल्या सवलतीपेक्षा काकांना जास्त दिली, याचं मला वाईट वाटलेलं नाही.

आता सपाट जागा. गॅलरीतल्या टेबलाला मधे पोट होतं, जेवणाचं टेबल काचेचं. घरात एकच जागा खरोखर सपाट होती: स्वयंपाकघराचा ग्रॅनाइटचा ओटा. त्या रविवारी दुपारी घरातले झोपलेले पाहून मी कामाला लागलो. अकरा हजार फेऱ्यांच्या यंत्रापुढे झोप टिकत नाही, हे कुणी सांगायला नको होतं. पण खाचा अशा पडल्या की नख सांध्यावरून सरळ घसरलं! भुसा मात्र मिसळणाच्या डब्यापासून देवघरापर्यंत सगळीकडे गेला, आणि संध्याकाळच्या आत मला ग्रॅनाइटवाल्याकडचा एक टाकाऊ तुकडा आणावा लागला. तो आता गॅलरीत आहे. कपड्यांची दोरी थोडी पुढे सरकली आहे.

कपाटाचा सांगाडा मे महिन्यात उभा राहिला. दारं जूनमध्ये करू म्हटलं, आणि डोंबिवलीत पाऊस लागला. चकत्या दाबलेल्या लाकडाच्या. त्यांना फेविकॉलमधलं पाणी काय आणि हवेतलं काय, दोन्ही सारखंच. त्या डब्यात बसूनच फुगल्या. ज्या चकत्या खाचेत बोटाने बसायच्या, त्या आता हातोड्यानेही जाईनात. आईने सांभाळून ठेवलेला झाकण घट्ट बसणारा डबा मागितला. तो भाजणीचा होता आणि भाजणीचाच राहणार होता.

उपाय आहे. फुगलेल्या चकत्या मायक्रोवेव्हमध्ये थोडा-थोडा वेळ गरम केल्या की ओल उडते आणि त्या पुन्हा मापात येतात. जास्त वेळ ठेवल्या तर करपतात, म्हणून दहा-पंधरा सेकंदांत थांबवून, काढून, खाचेत घालून पाहायचं. मी ओट्याशी उभा राहून हेच करत होतो. बायको दारात आली, आतल्या फिरत्या काचेच्या ताटलीवरच्या वीस नंबरच्या चकत्या तिने पाहिल्या आणि एवढंच विचारलं, "हा बिघडला तर नवा मायक्रोवेव्ह कुठल्या बजेटातून?"