एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला उत्तर: भातखाचर, १३० चा आकडा आणि मी न दिलेलं पत्र

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री मुलीनं वाचून दाखवला. एक तारा आणि चार तक्रारी. ड्रोनचा लेझर उंचीमापक ऑनलाइनच्या तिप्पट भावानं दिला. माल यायला तीन आठवडे लावले. खानापूरकडच्या भातखाचरावर त्यानं दगा दिला आणि ड्रोन चिखलात गेला. आणि सरकारी टेंडरसाठी साधं पत्र मागितलं तर ‘काउंटरवरचा म्हातारा तोंडावर नाही म्हणाला’. तो म्हातारा मीच. फोन न करता उत्तर इथं देतोय, कारण काल चंदगडच्या एका गिऱ्हाइकानं तुमचं वाचून विचारलं, ‘तुमचा सेन्सर पाण्यावर चालत नाही म्हणे?’

तर आधी चिखल. तुम्ही आमच्या पोराला फ्लाइट लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, पाठवला होता. तो मी रिव्ह्यू आल्यावर उघडला, आधीच उघडायला हवा होता. ड्रोन ८ मीटरवरून नीट चाललाय. वारा येतो, ड्रोन कलतो आणि उंचीचा आकडा ८ वरून थेट १३० वर जातो. मग ड्रोन खाली येत राहतो आणि पाच-सहा सेकंदांत खेळ खल्लास.

हा सेन्सर खाली प्रकाशाचा ठोका सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर उंचीतला १५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे एक नॅनोसेकंद. माती, गवत, उसाचा पाला यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे उधळतो, त्यातला थोडा सेन्सरकडे परत येतोच. साचलेलं नितळ पाणी मात्र आरशासारखं. लेझर अगदी सरळ खाली असेल तर थोडा प्रकाश परत येतो, पण तोही दोनेक टक्केच, बाकीचा पाण्यात शिरतो. ड्रोन जरा कलला की तेवढाही दुसरीकडं जातो. रोप लावणीच्या दिवशीचं गढूळ पाणी त्या मानानं बरं, चार दिवसांनी गाळ बसला की खरी पंचाईत. हे तीन हजाराच्या सेन्सरला होतं आणि तीस हजाराच्यालाही होतं.

पण ड्रोन पाण्यामुळं पडला नाही. तो १३० हा आकडा उंची नव्हेच. सिग्नल हरवला की हा सेन्सर १३० पाठवतो, म्हणजे ‘मला काही दिसत नाही’. म्हणून ऑटोपायलटमध्ये रेंजफाइंडरचा, म्हणजे याच सेन्सरचा, कमाल पल्ला त्याच्या खाली ठेवायचा असतो, १०० धरा. मग १३० आला की ऑटोपायलट तो आकडा बाजूला टाकतो आणि हवेच्या दाबावर उंची धरतो. तुमच्या सेटिंगमध्ये १५० होते. बॉक्सवर १२० लिहिलंय म्हणून तुम्ही थोडं वाढवून टाकलं असणार, मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं. ऑटोपायलटला वाटलं आपण १३० मीटरवर आहोत, ८ वर जायचंय, चला खाली.

ही गोष्ट बॉक्समधल्या कागदावर आहे. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. आम्हाला ठाऊक होती आणि बिल करताना आम्ही सांगितली नाही. ही चूक आमची. ड्रोनचे मोडलेले दोन हात, प्रोपेलर आणि मोटर यांचा खर्च दुकानाचा. कालपासून प्रत्येक बॉक्समध्ये मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठी घालायला लावलीय.

उशीर आणि भाव या दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच आहे. तुमच्या ऑर्डरीच्या लॉटमध्ये पाच नग आले, त्यातले दोन मी परत पाठवले. बेळगावात उद्यमबागेतल्या शेडच्या गच्चीवर आम्ही ३० मीटरची टेप अंथरतो आणि भर दुपारी मोजतो. आधी पांढरा पुठ्ठा, मग काळं कापड, मग ओलं बारदान. बॉक्सवरचा पल्ला बहुतेक वेळा पांढऱ्या पृष्ठभागावरचा असतो. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला की प्रकाश कमी परततो, आणि एप्रिलच्या उन्हात सूर्याचाच उजेड इतका घुसतो की सेन्सरला आपला ठोका ओळखता येत नाही. बारदानावर २० मीटरलाच अडखळणारा नग मी कुणाला देत नाही. ‘आठवड्यात देतो’ म्हणालो होतो ते मात्र चुकलं, मध्ये एक फोन करायला हवा होता.

स्वस्त सेन्सर वाईटच असतो असं मी म्हणत नाही. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या इंजिनीअरिंग विद्यापीठाच्या, पोरांना प्रोजेक्टसाठी मी स्वतः तोच देतो. पण गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं ऑनलाइन मागवलेले दोन नग आणले. लेबल एक, डबी एक, आतलं फर्मवेअर (सेन्सर चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळं, आणि सिरियल नंबर कुठल्याच कारखान्यापर्यंत पोचत नव्हते. सरकारी कामात दोन वर्षांनी तसाच नग बदलून द्यावा लागतो, तेव्हा काय करणार?

दाबावर उंची मोजणारा सेन्सर तर प्रत्येक ड्रोनमध्ये असतोच, मग लेझर कशाला, असंही तुम्ही लिहिलंय. बेळगावच्या उंचीवर दाब एक मिलिबारनं हलला की उंची नऊएक मीटरनं चुकते. पावसाळ्यात ढग आले-गेले की तेवढा दाब सहज हलतो. ८ मीटरवरून उडायचं आणि नऊ मीटरनं चुकायचं, हे परवडत नाही.

आता पत्र. तुम्हाला माझ्या लेटरहेडवर ‘हा सेन्सर भारतीय बनावटीचा आहे’ असं हवं होतं. तो भारतीय बनावटीचा नाही. माझ्याकडं त्याचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, आहे, त्यावर मूळ देश छापलाय. आपल्या भागात कशालाही ‘चालतंय की’ म्हणायची सवय आहे, मीही दिवसातून दहादा म्हणतो, पण सही करताना नाही.

तुमचं म्हणणं होतं, बॉक्सवर ‘एनडीएए कम्प्लायंट’ लिहिलंय, मग अडचण काय? साहेब, तो अमेरिकेचा कायदा. तिथल्या २०२० च्या संरक्षण कायद्यातलं कलम ८४८ त्यांच्या लष्कराला चिनी ड्रोन आणि काही चिनी भाग घ्यायला मनाई करतं. त्यात फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, कॅमेरा, गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा भाग), जमिनीवरची कंट्रोल यंत्रणा यांची नावं आहेत. लेझर उंचीमापकाचं नाव त्यात नाही. त्या शिक्क्यावर इथलं कुठलंही टेंडर उघडत नाही.

आपल्याकडं ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणजे परदेशी सेन्सर बसवणं गुन्हा नाही. फक्त तो ‘लोकल कंटेंट’मध्ये धरता येत नाही. सरकारी खरेदीत क्लास वन पुरवठादार व्हायला ५० टक्के देशी हिस्सा लागतो आणि तो तुमच्या फ्रेम, वायरिंग, जोडणी, सॉफ्टवेअर यांतून भरतो की नाही ते हिशेब करून बघा. मला वाटतं भरेल. भरत असेल तर खोट्या पत्राची गरजच नाही, भरत नसेल तर माझ्या पत्रानं तो भरणार नाही. संरक्षण खात्याच्या टेंडरात मात्र चिनी भागांबद्दल अट वेगळी असते, तिथं शब्द न् शब्द वाचा. २०२५ च्या फेब्रुवारीत लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार चिनी भागांवरून रद्द झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

आणि मनातलं सांगतो. या सेन्सरमध्ये रेडिओ नाही, तो फक्त वायरीवरून एक आकडा पाठवतो. तो हेरगिरी करेल ही भीती मला फारशी वाटत नाही. तुमच्या ड्रोनमधला टेलिमेट्री रेडिओ, म्हणजे उडताना खाली माहिती पाठवणारा, कुठला आहे, हे कुणी विचारलं का? चौकशी करायचीच असेल तर मी तिथून सुरू करीन.

मी काय देऊ शकतो ते सांगतो: बिल, बिल ऑफ एंट्रीची प्रत, सिरियल नंबर, फर्मवेअरची आवृत्ती आणि आमच्या बारदान चाचणीचा कागद, सही-शिक्क्यासकट. हे टेंडरला जोडा.

ड्रोन दुरुस्त झाला की चाचणी खानापूरच्या बाजूलाच घेऊ. सांब्र्याच्या विमानतळामुळं आणि लष्कराच्या कॅम्पामुळं शहराजवळ उडवायची भानगड नको. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशा बघू. येताना लॉगचं कार्ड आणि मोडलेले हात दोन्ही आणा. सोमवारी दुकान बंद असतं.