बावन्न वर्षांनी उघडलेली रंगपेटी

परवा एका मैत्रिणीला म्हटलं, "ये की माझ्याकडे, दोघी मिळून चित्रं काढू." ती पटकन म्हणाली, "छे गं, आता या वयात कुठे? माझा हात कधीच गेला." जिने तेहेतीस वर्षं मोठमोठे हिशेब एकटीने सांभाळले, ती कोऱ्या कागदाला इतकी घाबरते हे ऐकून मला रात्रभर चुटपुट लागली. म्हणून हे लिहितेय.

मीही हेच वाक्य अर्धं आयुष्य बोलत आले. बारा वर्षांची असताना वर्गात एक झाड काढलं होतं. खोड जांभळं रंगवलं, कारण संध्याकाळच्या उजेडात ते मला तसंच दिसायचं. सरांनी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. "असलं झाड असतं का कुठे?" वर्ग हसला. त्यानंतर मी ब्रश हातात धरला तो चौसष्टाव्या वर्षी. मधली बावन्न वर्षं "मला चित्र येत नाही" हे मी रक्तगट सांगावा तितक्या सहज सांगत होते.

वय आडवं येतं, हे मला आता पटत नाही. आडवी येते ती आपली तरबेज असण्याची सवय. नोकरी, संसार, माणसं, आजारपणं, सगळ्यातून गेल्यावर बहुतेक कामं आपल्याला डोळे मिटून जमतात. लोक आपल्याला विचारून पावलं टाकतात. न येणारी गोष्ट करायला घ्यायची, ती फसू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडे जायचं, याचा सरावच उरलेला नसतो. त्यात नजर मात्र जन्मभर चांगलं बघून, वाचून, ऐकून तयार झालेली. माझी नजर चौसष्ट वर्षांची होती आणि हात बारा वर्षांचाच राहिला होता. पहिल्या कागदावर ब्रश टेकवला तेव्हा हे अंतर इतकं लख्ख दिसलं की डोळ्यांत पाणी आलं.

सुरुवात केली ती नुसत्या आकाशाने. जलरंगात एकसारखा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा तर कागद लावलेली पाटी जराशी तिरकी धरायची, जाड ब्रश रंगाने भरून घ्यायचा आणि वरून आडवा हात फिरवायचा. खालच्या कडेला रंगाचं थेंबाळ पाणी साठतं. ते सुकायच्या आत पुढच्या पट्ट्यात ओढून न्यायचं. थांबलात की रेघ उमटते. अर्धवट ओल्या जागी "जरा नीट करू" म्हणून पुन्हा ब्रश लावलात, तर नवं पाणी रंगाला बाजूला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड असलेला डाग पडतो. माझे पहिले कितीतरी कागद या डागांनी भरलेत. म्हणजे हात चुकत नव्हता, भीती चुकत होती. मी कागदाला सुखाने सुकूच देत नव्हते! हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी ब्रश खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि नुसती बघत बसले. निळा रंग आपोआप पसरला, वर गडद, खाली फिकट. कितीतरी वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

शरीराच्या तक्रारी खऱ्या आहेत, त्या मी नाकारत नाही. बारीक रेषेला बोटं थरथरतात, म्हणून मी कागद मोठा घेतला आणि मनगटाऐवजी खांद्यातून हात फिरवायला लागले. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा थोडा मंद दिसतो. म्हणून शक्यतो दिवसाच्या उजेडातच बसते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर काही ना काही तोड निघते. मनाने घेतलेल्या धास्तीवर तोड काढायलाच मला बावन्न वर्षं लागली.

या काळात मला रवींद्रनाथांचा फार आधार वाटला. 1861 सालचा जन्म, आणि 1924 च्या सुमारास, म्हणजे साठी उलटून गेल्यावर, ते 'पूरबी' या संग्रहातल्या कविता लिहीत होते. हस्तलिखितातले नको असलेले शब्द खोडताना त्या खाडाखोडी एकमेकींना जोडत गेले आणि त्यातून आकार उभे राहिले, चेहरे, पक्षी, विचित्र प्राणी. तिथून त्यांच्यातला चित्रकार जोमाने कामाला लागला. 1930 मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. पुढे चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा ती खाडाखोड जवळची वाटते. चुकलेला शब्द त्यांनी लपवला नाही, त्यालाच हाताशी धरलं.

आणि मेरी डिलेनी. अठराव्या शतकातली इंग्रज बाई, दुसऱ्यांदा वैधव्य आलेलं. बहात्तराव्या वर्षी तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला घेतली. पाकळी न् पाकळी, देठ, शिरा, सगळं कागदाचं. नजर अधू होईपर्यंत दहाएक वर्षांत जवळपास एक हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण कात्री हातात घेतली तेव्हा तिला यातलं काय ठाऊक होतं? समोर एक फूल होतं आणि त्याच रंगाचा कागद.

एक गोष्ट घरच्यांसाठी, मनापासून. आई, आजी, बाबा काही करून दाखवतात तेव्हा "वा, छान! वेळ चांगला जातो ना?" असं म्हणू नका. तुमचा हेतू प्रेमाचाच असतो, पण त्या वाक्याने आमचं काम विरंगुळा होऊन जातं. मुलीने एकदा माझं चित्र हातात घेऊन विचारलं, "आई, ही सावली हिरवी का केलीस?" मी अर्धा तास बोलत होते. कुणीतरी चित्राकडे चित्र म्हणून पाहिलं होतं. मला उभारी दिली ती त्या एका प्रश्नाने.

पहिले तीन महिने मी कुणालाच काही दाखवलं नव्हतं. रोज वीस मिनिटं, कागदाच्या मागे तारीख, आणि एकही कागद फाडायचा नाही, एवढंच ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात तो गठ्ठा उलगडला. डाग कमी होत गेलेले दिसतात, आणि मधेच एका कागदावर जांभळ्या खोडाचं झाड आहे. ते मी कधी काढलं हे मलाही आठवत नव्हतं. तारीख बघून कळलं.

तर बाई, तू ये. कागद आहेत, ब्रश आहेत, खिडकीजवळची जागा तुला देते. मी "छान" म्हणणार नाही. हा रंग इथे का घेतलास, एवढंच विचारीन.