अमेरिकेत सॉकरला काळं कुत्रं विचारत नाही म्हणे!

परवा दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. तुमच्याकडेही येऊन गेला असेल, कारण असले फॉरवर्ड गणपतीच्या वर्गणीवाल्यांसारखे एकही दार सोडत नाहीत. वर ठळक अक्षरात "जगाचा लाडका खेळ अमेरिकेत फेल", खाली मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले इमोजी. मुद्दे थोडक्यात असे: अमेरिकेत फक्त ५ टक्के लोकांना सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, आवडतो, पेले आला तेव्हा फुगा फुगला आणि फुटला, मेस्सी गेला की परत फुटणार, जे बघतात ते सगळे मेक्सिकन, अमेरिकन माणसाला शून्य-शून्य आणि ड्रॉ सहन होत नाही, पोरं शाळेत खेळतात नि मग सोडतात, आणि या लोकांना खेळाचं नाव पण धड घेता येत नाही. मी खाली "थोडं खरं, बरंच खोटं" एवढंच लिहिलं तर दाजी म्हणाले, जरा इस्कटून सांग. मी अमेरिकेतच राहतो, तर घ्या दाजी, इस्कटतो.

आधी ते ५ टक्के. हा आकडा खोटा नाहीये. गॅलप नावाच्या, लोकांची मतं मोजणाऱ्या इथल्या कंपनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये विचारलं होतं की बघायला तुमचा सगळ्यात आवडता खेळ कुठला, तर ४१ टक्के लोक म्हणाले फुटबॉल, म्हणजे त्यांचा तो हेल्मेटवाला, १० टक्के बेसबॉल, ९ टक्के बास्केटबॉल आणि ५ टक्के सॉकर. फॉरवर्डवाल्याने यातला फक्त शेवटचा आकडा उचलला. अहो, ज्या बेसबॉलला हे लोक शंभर वर्षं आपला राष्ट्रीय खेळ म्हणत आले तो १० वर आहे, मग बेसबॉलला पण काळं कुत्रं विचारत नाही म्हणायचं का? आणि प्रश्न काय आहे ते बघा ना, "सगळ्यात आवडता एक" सांगायचाय. आपल्या कोल्हापुरात दारोदार जाऊन एकच खेळ विचारला तर निम्म्याहून जास्त लोक क्रिकेटच सांगतील, म्हणून काय पाटाकडील विरुद्ध शिवाजी ही फुटबॉलची मॅच असली की शाहू स्टेडियम रिकामं असतं का? दाजी, तुम्हीच भिंतीवर चढून बघितलीयेत मॅच, मला सांगू नका.

बाकी एक कबूल करतो, आमच्या बाजूचे, म्हणजे सॉकरवाले लोक पण काही कमी फेकत नाहीत. एमएलएस, म्हणजे इथली मेजर लीग सॉकर, तिच्या २०२४ च्या मॅचेसना सरासरी २३ हजारांच्या आसपास लोक होते, आणि लगेच कोणीतरी पोस्ट टाकतो की बघा, एनबीए आणि आइस हॉकीपेक्षा जास्त! अरे बाबा, बास्केटबॉलच्या हॉलमध्ये खुर्च्याच १८-२० हजार असतात आणि त्यांच्या प्रत्येक टीमच्या ४१ होम मॅच असतात, यांच्या १७. आणि गॅलपमध्येच २०१७ ला सॉकर ७ टक्क्यांवर होता, तो ५ वर आलाय, हेही खरंय. खोट्याला खोट्याने उत्तर द्यायला गेलं की मग आपण पण फॉरवर्डच.

आता पेले-मेस्सी. पेले १९७५ ला न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला. १४ ऑगस्ट १९७७ ला न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियममध्ये कॉसमॉसच्या मॅचला ७७,६९१ लोक होते, आणि त्याच सप्टेंबरमध्ये ही टीम कलकत्त्याला येऊन ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ खेळून गेली. आमच्या वडिलांच्या पिढीला पेले माहिती तो बराचसा त्या बातम्यांमुळे. पुढे १९८४ चा सीझन संपला आणि कॉसमॉस ज्यात खेळायची ती अख्खी लीग, एनएएसएल, बंद पडली. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण का बंद पडली? लोक कंटाळले म्हणून? कॉसमॉसला मोठमोठे स्टार पैशाने आणता येत होते, बाकीच्यांनी त्यांची बरोबरी करायला खिसा रिकामा केला, वर भराभर टीम वाढवत २४ केल्या, मोठमोठी स्टेडियम भाड्याने घेतली आणि त्यात दहा हजार माणूस इकडेतिकडे विखरून बसलेला. लग्नात शेजाऱ्याने बँड आणला म्हणून आपण कर्ज काढून डीजे आणायचा, तशातली गत.

एमएलएसवाल्यांनी हे बघून ठेवलं होतं. १९९६ ला १० टीम घेऊन सुरू केली, खेळाडूंचे करार लीगकडे ठेवले, पगाराला लिमिट लावलं, आणि १९९९ ला कोलंबसमध्ये खास सॉकरसाठी छोटं स्टेडियम बांधलं, मग बाकीच्यांनी तेच केलं. तरी २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या दोन टीम बंद कराव्या लागल्या, आणि तेव्हा फिलिप अॅन्शुट्झ नावाच्या एकाच माणसाने अर्ध्याहून जास्त टीम अंगावर घेऊन लीग ओढली. म्हणजे मरायचीच होती तर तेव्हा मेली असती, तेव्हा ना बेकहॅम होता ना मेस्सी. टोरांटोने २००७ ला लीगमध्ये घुसायला १ कोटी डॉलर भरले होते, आणि सॅन डिएगोने २०२३ ला ५० कोटी, ती २०२५ ला तिसावी टीम म्हणून उतरली. आणि मेस्सी कधी आला? जुलै २०२३ मध्ये. अटलांटाची टीम २०१७ ला आली आणि २०१८ च्या फायनलला त्यांच्याकडे ७३,०१९ लोक बसले होते. शार्लटची पहिली होम मॅच मार्च २०२२ मध्ये, ७४,४७९. हे सगळे मेस्सीच्या आधीचे लोक आहेत. पोर्टलंडला गोल झाला की स्टँडसमोर एक लाकूडतोड्या उभा असतो, तो चेनसॉने ओंडक्याची एक चकती कापतो आणि मॅच संपल्यावर ती चकती गोल मारणाऱ्याला देतात. लाकडाचा भुसा उडतोय आणि हजारो लोक ओरडतायत, याला मेस्सी लागतो का सांगा. मेस्सीमुळे तिकिटांचे भाव चढले, त्याच्या टीमच्या गुलाबी जर्सी गल्लोगल्ली दिसायला लागल्या हे मान्य, तो गेल्यावर थोडं खाली येईल हेही मान्य, पण फुगा फुटणं वेगळं आणि पूर ओसरणं वेगळं. पूर ओसरला तरी पंचगंगा जाग्यावरच असते.

"सगळे मेक्सिकन बघतात" यावर मला थोडा रागच येतो. एक तर मेक्सिकोची लीग, लिगा एमएक्स, इथे खरंच प्रचंड बघितली जाते, स्पॅनिश चॅनलवर. पण बघणारा ह्यूस्टनमध्ये जन्मला, शिकागोत कामाला जातो, टॅक्स भरतो, तो अमेरिकन प्रेक्षक नाही का? दर पाच-सहा अमेरिकनांत एक हिस्पॅनिक आहे, त्यांना वगळून "अमेरिकन फॅन" मोजायचे म्हणजे मुंबईतला प्रेक्षक मोजताना मराठी माणूस सोडून मोजण्यासारखं आहे. दुसरं, शनिवारी सकाळी साडेसातला इथल्या पबमध्ये जाऊन बघा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं बंद असेल, तर आत उभं राहायला जागा नाही, अर्ध्यांच्या हातात कॉफी, अर्ध्यांच्या हातात बिअर, शेजारचा ओहायोचा प्लंबर, आर्सेनलचा फॅन, लंडनला आयुष्यात गेलेला नाही, आणि पहिल्या हाफमध्ये त्याने मला आर्सेनलच्या डिफेन्सचं जे काय सांगितलं ते आपल्या तालमीतले म्हातारे सांगतात तसंच, शिव्यांसकट.

आणि हा माणूस एमएलएसच्या आकड्यात कुठेच दिसत नाही! फॉरवर्डची खरी गोची इथे आहे. तो एमएलएसचा टीआरपी बघून सॉकरचं माप काढतो. एनबीसी या इथल्या चॅनलने इंग्लंडच्या प्रीमियर लीगसाठी २०२२ पासून सहा वर्षांचे मिळून २७० कोटी डॉलर मोजायचं ठरवलं, आणि अॅपलने एमएलएससाठी २०२३ पासून दहा वर्षांचे २५० कोटी. भागाकार करा दाजी, वर्षाला ४५ विरुद्ध २५. अमेरिकन कंपनी अमेरिकन प्रेक्षकाला दाखवायला परदेशी लीगला जवळजवळ दुप्पट देतेय, ती काय धर्मादाय संस्था आहे?

आता माझा आवडता मुद्दा. अमेरिकन माणसाला शून्य-शून्य झेपत नाही. बरं. १७ जुलै १९९४, लॉस एंजेलिसजवळचा रोझ बोल, वर्ल्डकप फायनल, ब्राझील-इटली, ९४ हजारांवर लोक. स्कोअर? १२० मिनिटांनंतर ०-०. १० जुलै १९९९, तोच रोझ बोल, बायकांचा वर्ल्डकप, अमेरिका-चीन, ९०,१८५ लोक. स्कोअर? १२० मिनिटांनंतर ०-०, मग ब्रँडी चॅस्टेनची ती शेवटची पेनल्टी आणि जर्सी काढून गुडघ्यावर बसलेली ती, तो फोटो इथे कुणालाही दाखवा, ओळखतात. २५ नोव्हेंबर २०२२, कतार, अमेरिका-इंग्लंड, एकट्या फॉक्स चॅनलवर दीड कोटीच्या वर लोक बघत होते. स्कोअर? तुम्ही ओळखलंच असेल. इथल्या सॉकरच्या सगळ्यात मोठ्या दिवसांतले तीन दिवस, तिन्ही ०-०, आणि हे म्हणे सहन होत नाही.

गंमत म्हणजे एमएलएसला सुरुवातीला अगदी या फॉरवर्डसारखंच वाटत होतं. १९९६ ते ९९ मध्ये ड्रॉ बंदच ठेवला होता. बरोबरी झाली की शूटआऊट, तोही साधा नाही, खेळाडू ३५ यार्डांवरून बॉल घेऊन पळत यायचा, समोर फक्त गोलकीपर, आणि घड्याळात पाच सेकंद. मॅचचं घड्याळ पण बास्केटबॉलसारखं उलटं, ४५ वरून खाली शून्याला. आणि यावर सगळ्यात जास्त बोंब कुणी मारली, तर सॉकरच्या अमेरिकन फॅन्सनीच, की आम्हाला जगात खेळतात तसाच खेळ द्या. २००० च्या सीझनला दोन्ही गुंडाळलं. आणि लो स्कोअरिंगचं म्हणाल तर त्यांच्या फुटबॉलची २१-१४ ची मॅच म्हणजे तीन टचडाऊन विरुद्ध दोन, प्रत्येकाचे वरच्या किकसकट सात होतात म्हणून भरल्यासारखं वाटतं. उद्या सॉकरमध्ये एका गोलचे सात करा, स्कोअरबोर्ड लगेच श्रीमंत. एक मुद्दा मात्र आहे, मधे जाहिराती घुसवायला जागा नसते म्हणून चॅनलवाले जुन्या काळी नाकं मुरडायचे. पण तो चॅनलचा प्रॉब्लेम, बघणाऱ्याचा फायदाच की, दोन तासात मोकळा.

पोरं खेळतात नि सोडतात, यावर जास्त लिहीत नाही. लहानपणी खेळलेले सगळेच खेळ लोक सोडतात, मी पण खो-खो सोडला. उलट ज्या पोरींनी ९९ ची ती मॅच बघितली त्या वयाच्या बायका आज पोरींना घेऊन मॅचला येतात. कॅन्सस सिटीत २०२४ ला खास बायकांच्या प्रोफेशनल टीमसाठी बांधलेलं स्टेडियम उघडलं, साडेअकरा हजार खुर्च्यांचं, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बेसबॉलच्या मैदानावर बायकांच्या लीगच्या मॅचला ४० हजारांवर लोक आले. फॉरवर्डमध्ये बायकांचा शब्द पण नाही, नेहमीप्रमाणे.

राहिलं नाव. सॉकर हा शब्द अमेरिकेने बिघडवलेला नाही, तो इंग्रजांचाच आहे. असोसिएशन फुटबॉल मधल्या "असोसिएशन"चं एकोणिसाव्या शतकात तिकडच्या कॉलेजच्या पोरांनी सॉकर केलं, जसं रग्बीचं रगर केलं. आणि खेळ पण इथे काल-परवा आलेला नाही. मी राहतो तिथून न्यू जर्सीतल्या हॅरिसनचं सॉकर स्टेडियम ट्रेनने थोडंच लांब, आणि त्याच्या शेजारच्या गावाचं नाव लिहायला कीर्नी, बोलायला कार्नी. तिथे क्लार्क कंपनीची शिलाईच्या दोऱ्याची गिरणी होती, मालक स्कॉटलंडचे, कामगारही तिकडून आलेले, त्यांनी गिरणीची टीम काढली आणि दोऱ्याच्या ब्रँडचंच नाव दिलं, ओएनटी. या टीमने १८८५ ला पहिला अमेरिकन कप जिंकला. १८८५ दाजी! आणि शंभर वर्षांनी याच भागात वाढलेले जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मिओला १९९० नि ९४ च्या वर्ल्डकपला अमेरिकेकडून खेळले. गिरण्या गेल्या, स्कॉटिश फिश अँड चिप्सचं दुकान अजून आहे, त्याच्या पलीकडच्या गल्लीत आता पेरू आणि ब्राझीलची माणसं राहतात आणि रविवारी त्यांची पोरं पार्कमध्ये खेळतात.

एक गोष्ट मात्र या फॉरवर्डवाल्याने लिहायला हवी होती आणि तीच त्याने सोडली. सुपर बोलला, म्हणजे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलच्या फायनलला, १२ कोटींच्या वर लोक टीव्ही लावतात, आणि एमएलएसच्या फायनलला वीस लाख मिळाले तरी लीगवाले पेढे वाटतील. वर अॅपलने सुरुवातीला बऱ्याचशा मॅच वेगळ्या पैशाच्या पासमागे कोंडून ठेवल्या होत्या, तो पास २०२६ पासून काढला, साध्या अॅपल टीव्हीतच दिल्या. माझ्या त्या आर्सेनलवाल्या प्लंबरला विचारलं, हॅरिसनला येणार का, तर म्हणाला, अरे ती लीग बघायला मी वेळ कुठून आणू, माझा शनिवार तर सकाळीच संपतो. दाजी, तुम्ही मे मध्ये येताय तेव्हा आपण दोघं जाऊ, तिकीट माझं, फक्त ताईला आत्ताच सांगू नका.