हेस्तियाची गोष्ट नाही, पण पहिला मान तिचाच

परवा भाची आली होती. सातवीत आहे. शाळेसाठी तक्ता करायचा होता, विषय ‘ऑलिंपसचे बारा देव’. कार्डशीटवर पट्टीने बारा चौकोन आखून तिने झ्यूसची वीज, पोसायडनचा त्रिशूळ, अथेनाचं घुबड असं सगळं छान रंगवलं होतं. मी विचारलं, “हेस्तिया कुठंय? चुलीची देवी?” तर म्हणाली, “अगं मावशी, तिची काही गोष्टच नाहीये. ती नुसती घरी बसते. आणि तिने आपली जागा डायोनायससला, त्या मद्याच्या देवाला, देऊन टाकली ना, सगळीकडे तसंच लिहिलंय.”

पोरीचं काही चुकलेलं नाही. आपण सगळ्यांनीच ग्रीक देव गोष्टींमधून वाचले. कोण कोणाच्या प्रेमात पडलं, कोणी कोणाला शाप दिला, कोणाचं झाड झालं. त्या गोष्टी मलाही प्रिय आहेत. पण गेली काही वर्षं मी जमेल तसं, भाषांतरांतून का होईना, ग्रीकांच्या पूजाअर्चेबद्दल वाचते आहे, आणि माझं मत पक्कं होत गेलंय : गोष्टी ज्यांच्या जास्त, तेच देव मोठे, हे गणित त्या धर्माला लागू पडत नाही. हेस्तियाबद्दल कवींना सांगण्यासारखं फार थोडं होतं. पण देवाला काही वाहायचं म्हटलं, की ग्रीक माणूस सुरुवात तिच्यापासून करायचा. ‘हेस्तियापासून सुरुवात करावी’ अशी त्यांच्यात म्हणच होती.

आधी तिची जी काही थोडीशी कथा आहे, ती सांगते. क्रोनस आणि रिआ यांची ती थोरली लेक. क्रोनस आपली मुलं जन्मली की गिळायचा, त्यामुळे तो सगळ्यांत आधी तिला गिळतो आणि पुढे ओकायची वेळ येते तेव्हा ती सगळ्यांत शेवटी बाहेर पडते. म्हणून ती थोरलीही आणि धाकटीही. पुढे पोसायडन आणि अपोलो दोघंही तिला मागणी घालतात. ती दोघांनाही नाही म्हणते, झ्यूसच्या मस्तकाला हात लावून आजन्म कुमारी राहण्याची शपथ घेते. मग झ्यूस तिला लग्नाच्या बदल्यात घराच्या मधोमध जागा देतो आणि नैवेद्यातला उत्तम भाग देतो. अॅफ्रोडायटीच्या एका जुन्या स्तोत्रात हे सगळं दहा-बारा ओळींत येतं आणि संपतं.

मला यातलं एक फार विलक्षण वाटतं. घराची देवी, आणि ती स्वतः कोणाच्याही घरची सून नाही. ग्रीक मुलगी लग्न झालं की बापाची चूल सोडून नवऱ्याच्या चुलीपाशी जायची. हेस्तिया कुठेच जात नाही. ती जिथे आहे, तिथेच घराचा मध्य. तिचं नाव आणि ‘चूल’ हा शब्द ग्रीकमध्ये एकच. इतिहासकार हिरोडोटसला क्झांथस शहराच्या नाशातून किती कुटुंबं वाचली हे सांगायचं असतं, तेव्हा तो ऐंशी ‘चुली’ वाचल्या असं लिहितो. चूलबंद आवतण देणाऱ्या आणि भाऊ वेगळे झाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता पूजेकडे या. दुसऱ्या एका छोट्या स्तोत्रात म्हटलंय, की माणसांची पंगत हेस्तियाशिवाय होत नाही, गोड मद्याची पहिली धार तिला आणि शेवटचीही तिलाच. आणि हे नुसतं कवीचं म्हणणं नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा प्रवासी ऑलिंपियाला गेला होता. ऑलिंपिया म्हणजे देवांचा राजा झ्यूस, त्याचं सगळ्यांत मोठं ठाणं. तिथला यज्ञांचा क्रम तो लिहून ठेवतो : पहिला हेस्तियाला, दुसरा झ्यूसला. झ्यूसच्याच ठाण्यात!

तिथली झ्यूसची वेदीसुद्धा दगडी नव्हती. बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्या जाळून जी राख व्हायची, तिचाच तो ढीग, बावीस फूट उंच. आणि त्या राखेत आणखी एक राख मिसळायची, हेस्तियाच्या चुलीतली. नगरसभेच्या वास्तूत तिची चूल रात्रंदिवस पेटती असे. पुजारी वर्षातून एकदा, ठरलेल्या तिथीला, तिथली राख आणून आल्फियस नदीच्या पाण्यात कालवायचे आणि वेदीला लिंपायचे. हे वाचलं तेव्हा माझ्या हाताला शेणामातीचा गारवा जाणवला. माझी आजी, आईची आई, चूल सारवायची तेव्हा बोटांचे अर्धगोल उमटत जायचे आणि वाळल्यावरही दिसायचे. पहिली भाकरी उतरली की एक तुकडा विस्तवात. रात्री निखारा राखेखाली दडपून ठेवायचा, म्हणजे सकाळी शेजारी विस्तव मागायला जायला नको. ग्रीकांचा आदिकवी होमर तेच सांगतो. ओडिसिअस वादळातून कसाबसा किनाऱ्याला लागतो आणि पाचोळ्यात अंग पुरून झोपतो, तेव्हा होमर उपमा देतो ती रानातल्या एकट्या शेतकऱ्याची. शेजारपाजार नाही, म्हणून तो जळकं लाकूड काळ्या राखेत पुरून अग्नीचं ‘बी’ जपतो. अग्नीचं बी हा शब्द होमरचाच आहे. आजीला तो आवडला असता.

घरात माणूस ‘घरचं’ व्हायचं तेही तिच्यापाशीच. बाळ जन्मल्यावर काही दिवसांनी त्याला घेऊन चुलीभोवती धावत फेरी मारायची, त्या विधीचं नावच ‘भोवती धावणं’ अशा अर्थाचं. तोवर ते मूल त्या घराचं झालेलं नसे. नवी नवरी आली की तिला चुलीपाशी आणून तिच्यावर सुके अंजीर, खजूर, अक्रोड-बदाम असा खाऊ उधळायचा. बाजारातून विकत आणलेला नवा दास घरात आला की त्यालाही चुलीपाशी बसवून त्याच्यावर तोच खाऊ उधळायचा. नवरीचा आणि दासाचा विधी एकच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. हेस्तियावर माझा जीव आहे, पण म्हणून हे लपवणार नाही. ज्या चुलीने परक्याला आपलं केलं, तिनेच त्याला मालकीचंही केलं. तो समाज तसा होता आणि त्याची देवीही त्याच समाजाची होती.

अजून एक सांगायला हवं. ओलिंथस नावाचं शहर इ.स.पू. ३४८मध्ये मॅसिडोनच्या फिलिपने उद्ध्वस्त केलं. तिथली शंभराहून अधिक घरं उत्खननात उघडी झाली आहेत, पण मधोमध बांधलेली चूल असलेली घरं त्यांत थोडीच. बहुतेक ठिकाणी उचलून नेता येणाऱ्या शेगड्यांवर काम चालत असणार. म्हणजे ‘घराच्या मध्यावरची चूल’ विटा-मातीची असायलाच हवी असं नव्हतं. जिथे विस्तव ठेवला आणि धार ओतली, तो मध्य. अॅरिस्टॉटलने हेराक्लिटसबद्दल एक आठवण नोंदवली आहे. त्याला भेटायला काही पाहुणे आले, तर हा मोठा तत्त्ववेत्ता स्वयंपाकाच्या भट्टीपाशी शेकत बसलेला. पाहुणे दारातच अवघडून थांबले. तो म्हणाला, आत या, इथेही देव आहेत.

पण हेस्तियाला ‘गृहिणींची देवी’ म्हणून गोड चित्रं फिरवली जातात, तेही मला पटत नाही. ती नगराचीही होती. बहुतेक ग्रीक नगरांत प्रिटेनियन नावाची वास्तू असे, तिथे साऱ्या नगराची चूल. परदेशी वकिलांना जेवण तिथे, ऑलिंपिक विजेत्यांना मानाचं पान तिथे. इ.स.पू. ३९९च्या खटल्यात सॉक्रेटिसला विचारतात, तुला काय शिक्षा व्हावी असं तुझं म्हणणं आहे? तो म्हणतो, मला प्रिटेनियनमध्ये जेवू घाला. हे वाक्य आपण नुसता बाणेदारपणा म्हणून वाचतो. पण ते जेवण म्हणजे हेस्तियाच्या चुलीवरचं, नगराने ‘हा आमचा’ म्हणून वाढलेलं पान होतं. आणि लोक नवी वसाहत वसवायला जहाजाने निघत, तेव्हा मूळ नगराच्या चुलीतला विस्तव बरोबर नेत.

या विस्तवासाठी एक माणूस मेलाही. इ.स.पू. ४७९मध्ये प्लाटियाच्या लढाईत ग्रीकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. यज्ञ कसा करावा म्हणून डेल्फीला, अपोलोच्या ठाण्यात, कौल लावला, तर उत्तर आलं : आधी मुलखातला सगळा विस्तव विझवा, शत्रूच्या वावराने तो विटाळलाय. डेल्फीच्या चुलीतून शुद्ध अग्नी आणा, मग यज्ञ करा. सेनापतींनी घरोघरच्या चुली विझवायला लावल्या. जिंकलेल्या मुलखात एकाही घरात जाळ नाही, ही संध्याकाळ डोळ्यांपुढे आणून बघा. प्लाटियाचा युखिदास निघाला. डेल्फीला पोचून त्याने अंगावर पाणी शिंपडून घेतलं, डोक्याला लॉरेलच्या पानांची माळ बांधली, वेदीवरचा अग्नी उचलला आणि धावत परत. जाऊन-येऊन हजार स्टेडिया, म्हणजे साधारण १८० किलोमीटर, एका दिवसात. सूर्य मावळायच्या आत तो पोचला, लोकांना अभिवादन केलं, अग्नी त्यांच्या हाती दिला आणि कोसळला. थोड्याच वेळात गेला. चरित्रकार प्लुटार्क हे जवळजवळ सहाशे वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा आकडा कोणी ताणून धरू नये. पण आर्टेमिसच्या देवळात त्याला पुरलं आणि ‘युखिदास डेल्फीला धावत गेला आणि त्याच दिवशी परत आला’ अशा अर्थाची ओळ वर कोरली, असंही तो सांगतो. मॅरेथॉनच्या धावण्याचं नाव जगभर झालं. हा माणूस शाळेच्या कुठल्याच तक्त्यावर नसतो.

आणि शरण आलेल्याची जागाही तीच. सॅलमिसची आरमारी लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीस पुढे स्वतःच्याच लोकांच्या रोषाला बळी पडला आणि जीव वाचवत मोलोशियन राजा अॅडमेटसच्या दारी आला. या राजाशी त्याचं जुनं वाकडं. राजा नेमका घरी नव्हता. राणीने त्याला सांगितलं, आमचं हे पोर घे आणि चुलीपाशी बस. राजा आला तो शत्रू आपल्या मुलाला घेऊन राखेशेजारी बसलेला. पाठलाग करणारे अथेन्स-स्पार्टाचे लोक येऊन मागू लागले तरी अॅडमेटसने त्याला त्यांच्या हवाली केलं नाही. हेस्तियाची गोष्ट नाही म्हणतात. मग ही कोणाची?

आता ते डायोनायससला जागा देऊन टाकल्याचं. ही गोष्ट इंटरनेटवर इतक्या वेळा फिरलीय की खरीच वाटते. पण एकाही प्राचीन ग्रीक लेखकाने हेस्तियाने आसन सोडल्याचं लिहिलेलं नाही. ती अलीकडची भर आहे. बारांची यादी गावोगाव वेगळी असे, कुठे तिचं नाव, कुठे डायोनायससचं. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर डायोनायसस आहे आणि ती नाही, इतकंच. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात झ्यूस पुढे आणि बाकीचे देव मागून रथांनी आकाशात निघतात, तेव्हा हेस्तिया एकटी देवांच्या घरी थांबते. थांबणं हे तिचं काम आहे. ते सोडून द्यायला ती कोणाला कशाला विचारेल?

तिला मागणी घालणारा पोसायडन मात्र फार लांब आला. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात काशाच्या वस्तूंचा साठा सापडला, त्यात त्याची हातात मावेल एवढी मूर्ती होती. टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन तिच्यापुढे जरूर उभे राहा. व्यापाराच्या वाटेने देव कसे हिंडतात, ते तिथे कळतं. हेस्तियाची अशी मूर्ती कोणाच्या सामानातून कुठे पोचली असती, असं मला वाटत नाही, कारण तिच्या मूर्तीच मुळात विरळा.

तिचा शेवट मात्र घरात शिरूनच करावा लागला. इ.स. ३९२मध्ये रोमन सम्राट थिओडोशियसने जो कायदा काढला, त्यात नुसती देवळं आणि बळी नव्हते. घरातल्या घरात देवाला विस्तव, मद्य, धूप वाहणं हासुद्धा गुन्हा ठरला. त्यातले शब्द रोमन घरदेवांचे आहेत, पण रोख प्रत्येक घरातल्या देवाकडे होता. तरी शब्द उरलाच. आजच्या ग्रीकमध्ये विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला ‘एस्तिया’ म्हणतात, आणि जेवणाच्या हॉटेलला ‘एस्तियातोरियो’.

यातलं बरंचसं मी भाचीला सांगितलं. युखिदासची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. मग तक्त्याकडे बघत म्हणाली, “पण मावशी, मी चित्र कसलं काढू? तिच्या हातात काय असतं?” मी तिला पॉसेनियसचं हर्मायनी गावातलं वर्णन वाचून दाखवलं. तो हेस्तियाच्या देवळात गेला, तर आत मूर्ती नव्हती, नुसती वेदी होती.

तिने बारा चौकोनांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाटी उपडी ठेवून एक गोल काढला आणि खडूंच्या डबीत करडा रंग शोधायला लागली.