दोनशे भांडी

लहानपणी दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याच्या घरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली उतरली, की माझं पोट दुखायला लागायचं. समई, घंगाळ, कळशी, सगळं ताईनं घासलं. माझा वाटा तुंबून राहिला होता, तो आता टेक्सासच्या गॅरेजमध्ये वसूल होतोय.

मला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद आहे. गोळी सुटायला क्षण लागतो, मागे उरलेलं माझ्या रायफलचं .३०८ विंचेस्टर मापाचं रिकामं पितळी काडतूस पुन्हा भरण्याजोगं करायला शनिवार-रविवार जातो. त्यात काडतुसं दोनशे.

आधी जळका प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टिकली, ठोकून काढायचा. मग पिंपासारख्या टम्बलरमध्ये पाणी, भांड्यांचा साबण, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक काड्या घालून तासन्‌तास फिरवायचं. ते घरघरत असतानाच आईचा व्हिडिओ कॉल आला.

"काय रे, काय घासतोयस?"

"काडतुसं."

"चिंच लाव."

आंबटाचं तत्त्व तेच, म्हणून गप्प बसलो. पण पुढे तिनं बाटलीतलं पॉलिश सुचवलं आणि मी प्रवचन सुरू केलं. अशा काही पॉलिशांत अमोनिया असतो, आणि अमोनियानं ताणातलं पितळ तडकतं. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली कुठे उलगडलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग घोडे लांब बांध," म्हणाली.

धुतलेली काडतुसं मी स्वयंपाकघरातल्या चाळणीत निथळत ठेवली. बायकोनं चाळणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चाळणी कायमची गॅरेजला देऊन टाकली. प्राइमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

खरी परीक्षा साच्याची. झाडल्यावर फुगलेलं काडतूस प्रेसमध्ये दाबून त्याचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, ०.००२ इंच मागे न्यायचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. त्याआधी लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या मेणाचा, हात फिरवायचा, मोदकाच्या साच्याला तूप लावतात तसा. जास्त झालं तर खांद्याला पोचे, आणि विसरलं तर... एकशे सदतिसाव्याला विसरलो. काडतूस साच्यात असं रुतलं, की दांडा उलटा ओढताना बुडाची कडा फाटून हातात आली. मग बुडाला भोक पाडा, आटे पाडा, बोल्ट पिळून खेचा. रविवार तिथेच संपला.

लांबी २.०१५ इंचांवर गेली तर तोंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, आवळलं जाऊन दाब वाढतो, म्हणून २.००५ पर्यंत कापायचं, आणि तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची. दोनशेचे चारशे झाले. अंगठ्याचं वर्णन करत नाही.

पुढच्या शनिवारी रेंजवर शंभर यार्डांवरच्या कागदात चार गोळ्या एकाच भोकात. पाचवी इंचभर उजवीकडे. ती माझी, पितळेची नव्हे.

निघताना मोजली तर एक कमी. मी गवतात गुडघ्यांवर. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी स्वतःचं एक रिकामं काडतूस पुढे केलं. दुसऱ्या कंपनीचं, कितीदा झाडलेलं कोण जाणे. नम्रपणे नको म्हटलं. गोत्र जुळत नव्हतं.