महिनाभर वीज आली नाही तर कोल्हापूर पाणी कुठलं पिणार?

मोठ्या ब्लॅकआउटचा विषय निघाला की बोलणं पहिल्यांदा इन्व्हर्टरवर येतं. मग पॉवर बँक, मग घरात किती किराणा भरून ठेवायचा. 2025 च्या एप्रिलमध्ये स्पेन आणि पोर्तुगालची वीज एका फटक्यात गेली, तेव्हापासून असल्या याद्या माझ्या मोबाईलवर सारख्या येतात. मी मोटार रिवायंडिंगच्या धंद्यातला माणूस. पंप आणि पाणी हेच रोजचं काम. त्यामुळं मला या सगळ्यात पाण्याचा प्रश्न सगळ्यांत मोठा दिसतो, आणि त्या याद्यांत तो दोन कॅन भरून ठेवा एवढ्यावर संपतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी, असं होऊ शकतं का? 30 आणि 31 जुलै 2012 ला उत्तर भारताचं ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि लाईनींचं जोडलेलं जाळं, लागोपाठ दोन दिवस कोसळलं. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचंही गेलं आणि साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. आपलं पश्चिम ग्रीड त्यातून वाचलं. पुढं 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर लाईननं दक्षिणेचं ग्रीडही उरलेल्या देशाला जोडलं गेलं. आता सगळा देश एकाच 50 हर्ट्झवर, म्हणजे एकाच तालावर चालतो. त्याचा फायदा मोठा आहे, एकीकडं कमी पडली तर दुसरीकडून येते. पण हिसका बसला तर तोही लांबपर्यंत जातो.

नुसतं ग्रीड पडलं तर मला फारशी भीती वाटत नाही. औष्णिक केंद्र चालू करायलाच बाहेरची वीज लागते, पाण्यावरच्या केंद्राचं तसं नसतं. ते थोडक्या वीजेवर उठतं आणि मग बाकीच्यांना उठवतं. 1960 मेगावॅटचं कोयना आपल्या उशाला आहे. काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत गाडी रुळावर येईल. खरी भीती सामान जळण्याची. 1989 च्या मार्चमध्ये सूर्यावरच्या वादळानं कॅनडातल्या क्वेबेकचं ग्रीड नऊ तास बंद पाडलं. 1859 चं वादळ त्याहून कितीतरी मोठं होतं, तेव्हा जगात फक्त तारायंत्रं होती म्हणून निभावलं. असल्या वादळात मोठे ट्रान्सफॉर्मर जळू शकतात, आणि ते दुकानात मिळत नाहीत. ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्याला वर्ष वर्ष जातं. 2017 मध्ये चक्रीवादळानंतर प्युर्टो रिकोत शेवटच्या घरात वीज पोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. आणि त्यांच्या मागं अख्खी अमेरिका उभी होती.

आपण याचा नमुना बघितलाय. 2019 च्या ऑगस्टमध्ये 43 फुटांची धोका पातळी असलेली पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. उपसा केंद्रं बुडाली, सबस्टेशनं बुडाली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला टँकर. पूर ओसरल्यावर आमच्या दुकानापुढं मोटारींची रांग लागली. उघडल्या की आत लाल गाळ, स्लॉटांत घट्ट बसलेला, वाळून विटेसारखा झालेला. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला की काटा शून्यावर. काही मोटारी धुऊन, भट्टीत तापवून, पुन्हा वार्निश देऊन वाचल्या. बाकीच्यांची तांब्याची तार ओढून काढली आणि नवी भरली. रात्रंदिवस काम केलं आणि गावोगावचे पंप चालू झाले.

पण ती तार कुठून आली? वार्निश, इन्सुलेशन पेपर, बेअरिंग कुठून आली? भट्टी कशावर चालली? आम्ही दुरुस्त करू शकलो कारण पुराच्या पलीकडं सगळं चालू होतं. दीर्घ अंधारात ते पलीकडचंच नसतं. तेव्हा जे वीजेशिवाय चालतं तेवढंच आपलं.

ते किती आहे? शहराचं पाणी बघा. नदीतून उचलायला पंप. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन आली, पण तिथंही धरणावर पंप चालले तरच पाणी निघतं. वीज गेली की टाकीत असेल तेवढंच. याच शहराला कळंबा तलावाचं पाणी उतारानं यायचं, मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात. मोटार नाही, स्टार्टर नाही, नुसता उतार. शहराच्या पोटात तळी होती. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली, रावणेश्वराच्या जागी स्टेडियम आलं. त्या काळी त्याला कारणं असतील, मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण आता जे उरलंय त्यावर तरी हात टाकू नये. पेठेपेठेत अजून आड आणि विहिरी आहेत. कुठं कचरा पडतोय, कुठं स्लॅब टाकून वर गाड्या लावल्यात. हे बघून मला खरंच राग येतो. पिढ्यांनी दगड फोडून काढलेलं पाणी आपण पार्किंगसाठी झाकतोय.

राधानगरी धरणावर जाणारे पुष्कळ आहेत, पण तिथले दरवाजे नीट बघणारे थोडे. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठराविक पातळीला आलं की त्याच्याच दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. बटण दाबायला कुणी लागत नाही आणि वीजही लागत नाही. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण ग्रीड पडलं तरी पावसाळा सांभाळेल. तीच गोष्ट आपल्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, दोन रांगांत घालायचे, मध्ये माती भरायची, पाणी अडतं. पावसाळ्याआधी काढायचे. चार दणकट माणसं आणि ते काम येणारा एक जाणता, एवढंच लागतं. मात्र हे जाणते आता म्हातारे झालेत.

अडलेलं पाणी शेतात चढवणं ही वेगळी गोष्ट. आपला ऊस उपसा योजनांवर उभा आहे. मोटारी थांबल्या तर नदी भरलेली आणि काठावरचा ऊस वाळलेला, असं चित्र दिसेल. इथं मला उद्यमनगरची, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीची आठवण होते. हे उद्यमनगर ऑइल इंजिनांवर मोठं झालं. जुनं हळू फिरणारं इंजिन हँडल मारून चालू होतं. डिझेल संपलं तर गाळलेल्या शेंगतेलावरही चालतं, आणि त्याचे बरेचसे पार्ट साध्या लेथवर करता येतात. ही इंजिनं आज भंगाराच्या भावानं जाताहेत. गावटी एक जरी झाकून, तेलपाणी करून ठेवलं तरी पिण्याचं पाणी आणि पिठाची गिरणी निघेल.

सोलरवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. छतावरची ग्रीडला जोडलेली साधी सिस्टीम ग्रीड गेलं की स्वतःहून बंद होते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. डोक्यावर ऊन आणि घरात अंधार, हे पुष्कळांना माहीतच नाही. बॅटरीसह हायब्रीड इन्व्हर्टर असेल तरच वीज मिळते. शेतातला सौरपंप मात्र ग्रीडशिवाय चालतो. ज्या गावात असे पंप आहेत त्यांनी त्यातला एक पिण्याच्या पाण्याच्या जवळ येईल असं आत्ताच बघावं.

पाणी मिळालं तरी ते निर्धोक लागतं. ग्रामपंचायतीतली टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लिचिंग पावडर, वर्षभराची भरून ठेवून उपयोग नाही, पडून राहिली की तिचा जोर जातो. शेवटी उकळणंच खरं, म्हणजे सरपण. हापशाचे वॉशर मात्र वर्षानुवर्षं टिकतात आणि किंमत किरकोळ. हापसा बंद पडतो तो बहुतेक वेळा याच वॉशरवाचून.

खाण्याचं मला कमी भय वाटतं. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगडकडं भात आणि नाचणी आहे, गुऱ्हाळ आपल्याच चिपाडांवर पेटतं, गोठ्यात म्हशी आहेत. शीतकरण बंद पडलं तर दूध तालुक्याबाहेर जाणार नाही, गावातच लागेल.

ज्यांचं आयुष्य मशीनवर आहे त्यांचं मात्र मला वाईट वाटतं. डायलिसिसच्या पेशंटला महिनाभर अंधार म्हणजे काय हे गोड करून सांगता येत नाही. इन्शुलिनवाल्यांना थोडा वेळ मिळतो. ओल्या मडक्यात, सावलीत ठेवलेली बाटली काही आठवडे चालते. आपल्या गल्लीत अशी माणसं कोण आहेत हे शेजाऱ्यांना माहीत असायला हवं. घरात सहा महिन्यांचं धान्य भरून दार लावून बसायचा सल्ला देणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. पाण्याची विहीर एकट्याची नसते, आणि बरगे एकट्यानं बसत नाहीत.

हे काम तालमी, म्हणजे पेठेपेठेतली तरुण मंडळं, करू शकतात. पुरात होड्या, जेवण, माणसं हलवणं हे पेठेतल्या पोरांनीच केलं, कुणी सांगायची वाट बघितली नाही. तीच पोरं उन्हाळ्यात एक विहीर उपसून गाळ काढू शकतात, रहाट बसवू शकतात, एक इंजिन चालू ठेवू शकतात.

मी पेठांतल्या चालू विहिरींची यादी करायला घेतलीय. तुमच्या गल्लीत असेल तर खोली किती, मे महिन्यात पाणी किती राहतं आणि वर स्लॅब आहे का, एवढं कळवा. जुनं इंजिन कुणी मोडीत काढणार असेल तर आधी मला फोन करा, दुरुस्तीचे पैसे घेणार नाही.